इकडं आड तिकडं विहीर... पण आड म्हणजे विहीरच ना? (सातबाऱ्याचा मॅटर आहे, हसू नका)

आखाड्यावरचा
राम राम मंडळी. धाग्याचं नाव वाचून म्हणींचा धागा वाटंल पण तसं नाही, मी खरंच अडकलोय. आमचं रान जिंतूर साइडला, पावणेतीन एकर, कोरडवाहूच म्हणा. आखाड्यावर (म्हणजे शेतातल्या गोठ्यावर) आजोबाच्या काळातला एक आड आहे, पाच-साडेपाच फूट रुंद, वरून काळ्या दगडात बांधलेला, नऊ परस (नऊ माणसं एकावर एक उभी राहतील एवढा) खोल. होता म्हणायला पाहिजे कारण निम्मा दगडगोट्यानं बुजलाय अन् लेकरं पडू नये म्हणून वर बोराट्या टाकल्यात. मी शहाणा झाल्यापासून त्याला पाणी बघितलेलं नाही.

तर रोजगार हमीतून विहिरीला अर्ज केला, ती २०२२ ची मागेल त्याला विहीरवाली, तेव्हा चार लाखाची होती. एक एकर सलग पाहिजे, ती आहे. पिण्याच्या पाण्याच्या सोर्सपासून पाचशे मीटर लांब पाहिजे, ते पण आहे. पण सातबाऱ्यावर आधीची विहीर नको, अन् आमच्या सातबाऱ्यावर कधीतरी कुणीतरी लिहून ठेवलंय विहीर १. अर्ज गेला खड्ड्यात. मी ऑफिसात म्हणलं साहेब ती विहीर नाही तो आड आहे. साहेब चष्मा काढून म्हणले, "अरे बाबा आड म्हणजे विहीरच की." अन् खरं सांगू का, मला जागेवर उत्तरच देता आलं नाही, कारण शाळेत आपल्याला बी तसंच शिकवलंय ना, आड म्हणजे अरुंद विहीर. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणली, "आडाला हीर म्हनतंय व्हय कुनी? येडं हाय का ते?"

आता आई बरोबर का साहेब बरोबर?

चिलमीचा धूर
तुमचं झालं इकडं आड तिकडं साहेब 😂

मास्तर रिटायर्ड
आखाड्यावरचा, दोघंही बरोबर आहेत आणि भांडणाचं मूळ तेच आहे.

आपल्या भाषेत "दिवस" शब्द बघा. महिन्याचे तीस दिवस म्हणतो तेव्हा त्यात तीस रात्री पण आल्या, वेगळ्या मोजत नाही. पण "दिवसरात्र राबलो" म्हणलं की दिवस म्हणजे फक्त उजेडाचा भाग, रात्र त्याच्या बाहेर. शब्द एकच, एकदा सगळ्याला कवेत घेतो आणि एकदा आकसून बसतो. आकसतो कधी, तर शेजारी रात्र येऊन उभी राहिली की. विहिरीचं तसंच आहे. ज्याच्या तोंडात आड, बारव (पायऱ्यांची), बुडकी (ओढ्यातला पाण्याचा लहान खड्डा) हे शब्द नाहीत त्याच्यासाठी जमिनीतला पाण्याचा प्रत्येक खड्डा विहीर. ज्याच्या तोंडात आहेत (म्हणजे तुमच्या आई) त्याच्यासाठी विहीर म्हणजे ह्या सगळ्या वजा जाता जे उरतं ते, शेतातली मोठी, मोटेची. म्हणीतच बघा ना, इकडे आड तिकडे विहीर. आड ही विहीरच असती तर माणूस कशाच्या मधे अडकला असता?

वर्गात मी याला अर्थसंकोच आणि अर्थविस्तार म्हणून शिकवायचो. संस्कृतात मृग म्हणजे कुठलाही रानातला पशू, म्हणून सिंह मृगेंद्र आणि माकड शाखामृग. आता मृग म्हणलं की फक्त हरीण. तेलाचं उलटं झालं, तिळाचं ते तैल, आणि आता करडईचंही तेल, शेंगदाण्याचंही तेल, आणि मोटरसायकलीत घालतो तेही.

चिलमीचा धूर
मास्तर अजून एक. आमच्याकडं रात्री कुणी ओरडलं "जनावर निघालं" तर बैल सुटला म्हणून कुणी पळत नाही, काठी घेऊन पळतंय. जनावर म्हणजे साप. बैलं गाई म्हशी म्हणजे ढोरं.

मास्तर रिटायर्ड
शंभरपैकी शंभर. नाव घेतलं की येतो ही भीती, म्हणून मोठ्या शब्दाआड लपवला. (हा "आड" वेगळा बरं का, नाहीतर कुणीतरी याचीही नोंद करेल.)

उदगीरची लेक
तुम्ही सगळे शब्दांवरून भांडताय, मी हातावरून सांगते. आमच्या वाड्यात आड होता. आडाचं पाणी *शेंदायचं*. विहिरीचं पाणी *उपसायचं*. आणि बारवेत *उतरायचं*. ही तीन कामं तीन वेगळ्या अंगानं होतात. शेंदताना दोन्ही हात, पाय रोवलेला, चऱ्हाट तळहातावरून सरकतं, नव्या नवरीच्या हाताला पहिल्या महिन्यात फोड येतात, मग घट्टे पडतात. माझ्या आजीच्या तळहातावर मरेपर्यंत ते होते. पोहरा आडात सुटला की गळ टाकून काढायचा, त्याला अख्खा वाडा गोळा व्हायचा आणि जिच्या हातून सुटला तिचा उद्धार व्हायचा. विहिरीवर हे नाही, तिथं मोट, बैल, नाडा, सोंदूर, धाव, सगळं पुरुषांचं. "विहीर शेंदली" असं कुणी म्हणलेलं मी तरी ऐकलं नाही.

आणि पोरं पोहायला जायची ती विहिरीत. आडात कुणी पोहत नाही. आडात एकतर पोहरा पडतो नाहीतर... जाऊ द्या.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार ही म्हण पण बघा, तिथं विहीर घालून दाखवा. बसतच नाही.

आखाड्यावरचा
ताई 🙏 आईला वाचून दाखवलं. ती म्हणली "हिला इचार, आडाचं पानी उन्हाळ्यात गार अन् हिवाळ्यात कोमट का असतंय." मी म्हणलं धाग्याचा विषय तो नाही.

वालूरकर
बारवेचा विषय निघाला अन् आमच्या गावाचं नाव नाही असं कसं चालंल. सेलू तालुक्यात वालूर, तिथली बारव येऊन बघा एकदा. बाकी बारवांना पायऱ्या सरळ खाली जातात, आमच्या बारवेच्या पायऱ्या गोल गोल फिरत उतरतात, गोगलगाईच्या शंखासारख्या. कित्येक वर्षं गाळ अन् कचऱ्यानं भरलेली होती, गावातल्याच लोकांनी उपसून मोकळी केली. परभणी जिल्ह्यात तर चारठाणा आहे, पिंगळी आहे, कितीतरी आहेत. यांना विहीर म्हणणं म्हणजे वाड्याला खोली म्हणण्यासारखं आहे राव. बारव म्हणजे पाण्यापर्यंत *माणूस* जातो, आडात पाणी माणसापर्यंत येतं. हा मेन फरक. पायऱ्या नाहीत ती बारव नाही, विषय संपला.

बारा गावचा
बारव म्हणजे बारा पायऱ्या किंवा बारा कोनाडे असतात म्हणून बारव. गुगल करा.

मास्तर रिटायर्ड
असं काही नाही. पायऱ्या मोजून बघा, बारा भरणार नाहीत. जुन्या वास्तुग्रंथात वापीचे (म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचे) प्रकार दिलेत ते तोंडावरून: एका वाटेची नंदा, दोन वाटांची भद्रा, तीनची जया, चारी बाजूंनी उतरता येते ती विजया. बाव आणि बावडी हे शब्द या वापीवरून आले. म्हणजे त्या लोकांना नुसतं "बारव" सुद्धा पुरत नव्हतं, त्याच्याही आत चार नावं लागत होती.

बीड बायपास
आमच्या खजाना बावडीचं काय मग? पाटीवर खजाना विहीर लिहितात, गावात बावडी म्हणतात. १५८२ ची आहे, निजामशाहीतली, सलाबत खानानं बांधून घेतली, डिझाइन राजा भास्कर नावाच्या माणसाचं. शाळेची सहल हमखास तिथं जायची. गोल आहे, प्रचंड मोठी, पण खरी गंमत पाण्याच्या खाली आहे. भुयारातून पाणी आत येतं अन् दुसऱ्या भुयारातून बाहेर रानाकडं निघून जातं, उताराच्या जोरावर, ना मोट ना मोटर. आता हिला काय म्हणणार? शेंदत नाही, उपसत नाही, पिण्याला कुणी उतरत नाही. ताईंच्या तिन्ही क्रियापदात बसत नाही.

उदगीरची लेक
*वाहते* म्हणायचं. चौथं क्रियापद. 🙂

बोअरवाला नांदेड
मी अठरा वर्षं बोअरच्या गाडीवर होतो, आता सोडलं, त्यामुळं थोडं लंबं लिहितो, माफी. तुमचे साहेब जे म्हणले ते त्यांच्या घरचं नाही, ऑफिसचा शब्द तसाच आहे. राज्याचा भूजल कायदा आहे २००९ चा, लागू झाला २०१४ ला. त्यात विहीर शब्दाची व्याख्या एवढी मोठी आहे की खोदलेली विहीर, बोअर, ट्यूबवेल, विहिरीत मारलेलं बोअर, सगळं विहीरच. अन् साठ मीटर किंवा जास्त गेलं की खोल विहीर. आता आमच्या धंद्यात साठ मीटर म्हणजे दोनशे फूट, दोनशे फुटाला आजकाल कुणी बोअर पण म्हणत नाही, चाखणा म्हणतेत. कायद्यात सहा इंचाचं भोक विहीर आहे, अन् गावात कुणी "माझ्याकडं विहीर आहे" म्हणलं अन् जाऊन बघितलं तर बोअर, तर सोयरीक मोडंल. मोडलेली बघितली पण आहे, पाहुणे म्हणले विहीर बागायत सांगितलं अन् निघालं बोअर, ते बी हिवाळ्यात ठणठण.

पण आड अन् विहिरीत खरा फरक कुठं आहे ते मातीत बघा. आपल्याकडं खाली काळा पाषाण. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग पक्का दगड. पाणी त्या मुरमात अन् दगडाच्या फटीत असतं, अन् येतं कसं, तर पाझरत, सावकाश. नदीकाठच्या वाळूसारखं भसकन येत नाही. म्हणून आपली शेतातली विहीर एवढी रुंद करतात, वीस पंचवीस फूट. लोकाला वाटतं मोठी म्हणजे पाणी जास्त लागतं. तसं नाही, ती रात्रभर पाझरलेलं पाणी *साठवायची टाकी* आहे. सकाळी मोटर टाकली दोन तासात तळ, परत उद्या. आडाला हे जमत नाही, पाच फुटाच्या रुंदीत साठणार किती? घरच्या हंड्या-कळशीपुरतं. त्यामुळं आड अन् विहीर फक्त आकाराचा फरक नाही, एक प्यायला अन् एक भिजवायला. तुमच्या आडानं पावणेतीन एकरातलं एक वाफं पण भिजलं नसतं कधी. हे साहेबाला सांगा. सिंचन विहीर मागताय ना तुम्ही, मग आधीची जी आहे ती सिंचनाची होती का हा प्रश्न आहे.

आखाड्यावरचा
भाऊ हे माझ्या डोक्यातच आलं नाही. "सिंचन" शब्द अर्जावरच छापलेला आहे की.

वाटणीत गेलं
बोअरवाले भाऊ तुमच्यामुळं जखमेवर मीठ. आमच्या १९९४ च्या वाटणीपत्रात एकच ओळ आहे, "विहिरीत निम्मा हिस्सा". आठ-आठ दिवसाची पाळी, तीस वर्षं कुणाची तक्रार नाही. गेल्या उन्हाळ्यात थोरल्या भावानं विहिरीत आडवे बोअर मारले, चार दिशेला चार, सगळे त्याच्या खर्चानं. पाणी लागलं. आता तो म्हणतो पाणी विहिरीचं नाही बोअरचं आहे, विहिरीत निम्मा हिस्सा घे, विहीर तर कोरडीच होती. मी म्हणतो बोअर कुठून मारले? विहिरीच्या भिंतीतून ना? म्हणजे विहीरच ती. वकिलाला दाखवलं, तो म्हणतो दोन्ही बाजूनं मांडता येतं. दोन्ही बाजूनं फी पण घेता येते बहुतेक.

बोला आता, विहीर म्हणजे खड्डा का विहीर म्हणजे पाणी?

चिलमीचा धूर
आडवे बोअर = आड + वे + बोअर. सगळं या धाग्यातच आहे 😂

मास्तर रिटायर्ड
वाटणीत गेलं, मनापासून वाईट वाटलं. कायद्याचं मी सांगू शकत नाही. पण भाषेपुरतं सांगतो, गावात "विहीर आटली" म्हणतात तेव्हा विहीर म्हणजे पाणी, आणि "विहीर ढासळली" म्हणतात तेव्हा विहीर म्हणजे बांधकाम. ज्यानं वाटणीपत्र लिहिलं त्याच्या डोक्यात दोन्ही एकच होतं, कारण त्या वेळी ते वेगळं करायची मशीन आली नव्हती तुमच्या गावात. भावाशी बोला, कागदाशी नको.

लातूर रोड
खड्डा का पाणी यावर आमचा अनुभव. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आख्ख्या देशानं टीव्हीवर बघितलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. पण ते पाणी उतरवलं कशात? स्टेशनजवळच्या एका मोठ्या विहिरीत! तिथून पुढं शुद्धीकरणाला. विहिरीचं पाणी रेल्वेत भरतात हे समजू शकतो, आमच्याकडं रेल्वेचं पाणी विहिरीत. खेड्यात पण तेच बघा, टँकर येतो अन् गावच्या विहिरीत पाइप सोडतो, मग बाया त्या विहिरीतून शेंदून नेतात (हो ताई, विहिरीतून *शेंदून*, टँकरच्या दिवसात तुमचा नियम मोडतो). पाणी येतं वरून, विहीर नुसता हौद. अन् दुसरीकडं त्याच उन्हाळ्यात "विहीर अधिग्रहण" चालतं, म्हणजे ज्याच्या बोअरला पाणी आहे ते प्रशासन ताब्यात घेतं. ज्या बोअरला गाव विहीर म्हणत नाही ती कागदावर विहीर, अन् ज्या विहिरीत एक थेंब स्वतःचा नाही तिला गाव विहीरच म्हणतं.

उदगीरची लेक
मान्य. टँकरच्या उन्हाळ्यात भांडण एवढं असतं की क्रियापदाकडं कोण बघतंय. पाचशे बायका काठावर, प्रत्येकीची दोरी दुसरीच्या दोरीत.

बामणी फाटा
सगळे विहीर मोठी का आड मोठा करताय, एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून काढतो. आमच्या वस्तीसाठी हे शब्द वेगळ्याच अर्थानं वेगळे होते. गावात आड होता, बारव होती, मारुतीपुढची विहीर होती, अन् आम्हाला ओढ्यातली बुडकी. शब्द ऐकला की कळायचं कोण कुठं जाऊ शकतं. माझ्या वडिलांनी सांगितलेलं, मी स्वतः पण लहानपणी थोडं बघितलंय.

म्हणून मला बाबा आढावांच्या चळवळीचं नाव फार हुशारीचं वाटतं, "एक गाव एक पाणवठा", १९७२ च्या सुमारासची. एक गाव एक विहीर असं नाव दिलं असतं तर गावानं सांगितलं असतं, घ्या विहीर खुली केली, पण आड खाजगी आहे, बारव देवाची आहे. पाणवठा म्हणलं की पळायला जागा नाही. जिथं जिथं माणूस पाण्याला जातो ते सगळं आलं. मोठा शब्द मुद्दाम वापरला. महात्मा फुल्यांनी १८६८ ला आपल्या घरचा हौद खुला केला तेव्हा ते स्वतःच्या मालकीचं होतं, स्वतः उघडलं, तिथं नेमका शब्दच बरोबर, हौद म्हणजे हाच हौद. पण जे दुसऱ्याकडून मागायचं होतं तिथं नेमका शब्द धोक्याचा.

तर आखाड्यावरचा भाऊ, तुम्हाला आज नेमका शब्द पाहिजे, आम्हाला तेव्हा ढोबळ शब्द पाहिजे होता. कोणता शब्द बरोबर हे कोण दाराबाहेर उभाय त्यावर आहे.

वालूरकर
हे वाचून मगाशी "विषय संपला" लिहिल्याची लाज वाटली राव. बारवेचं कौतुक करताना आम्ही हे विसरतोच, की पायऱ्या सगळ्यांसाठी नव्हत्या.

मास्तर रिटायर्ड
बामणी फाटा, एकतीस वर्षं शिकवलं आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आभार.

बारा गावचा
मी आमच्या बारवेच्या पायऱ्या मोजल्या. सत्तावीस आहेत.

बोअरवाला नांदेड
😂😂 गुगल करा

आखाड्यावरचा
अपडेट देतो. बोअरवाले भाऊंचा मुद्दा घेऊन गेलो. आधीच्या साहेबांकडं न जाता सरळ तलाठी आप्पांकडं गेलो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे, पण सगळं गाव तलाठीच म्हणतंय, हा पण एक शब्दाचाच धागा होईल). अर्ज दिला, जुनी नोंद आहे ती वस्तू वापरात नाही, बुजलेली आहे, अन् ती सिंचनाची कधीच नव्हती, पंचनामा करा. ते मंडळाच्या माणसाला घेऊन काल आखाड्यावर आले. बोराट्या बाजूला केल्या, आत बॅटरी मारली, दोन कबुतरं उडाली. पंच म्हणून शेजारचे दोन म्हातारे, त्यातले एक म्हणले "ह्यो आड हाय, मी ह्याचं पानी पेलोय, ७२ च्या दुष्काळात बी घागरभर देत होता."

पंचनाम्यात काय लिहायचं यावर मात्र पाऊण तास गेला. तलाठी म्हणले नमुन्यात विहीर अन् विंधन विहीर दोनच शब्द आहेत, आड कुठं लिहू. आई तिकडून चहा घेऊन आली, तिनं एकच सांगितलं, "तुमच्या कागदात जागा नसंल तर कंसात लिव्हा." शेवटी लिहिलं "जुनी विहीर (आड), घरगुती वापराची, बुजलेल्या अवस्थेत". नोंद कमी व्हायला वेळ लागंल म्हणाले, पण होईल. मग परत विहिरीचा अर्ज.

उदगीरची लेक
आईंना माझा नमस्कार सांगा. आणि रहाट, पोहरा काही उरलंय का अजून?

आखाड्यावरचा
रहाट वाळवीनं खाल्ला. पोहरा आहे, बुडाला भोक पडलंय, आईनं त्यात कोरफड लावलीय.